चौदा वर्षं, आणि पुढे?

आमच्या केंद्रात संध्याकाळी वस्तीतल्या मुलींची अभ्यासिका चालते. तिथल्या भिंतीवर डिसेंबर २०२३ मध्ये एका मुलीने वर्तमानपत्रातला एक फोटो कापून खळीने चिकटवला. नौदलाच्या गणवेशातली एक अधिकारी स्त्री. खाली निळ्या स्केचपेनने लिहिलं, 'आपली मुंबईची'. जागा तिने निवडली ती सावित्रीबाईंच्या तसबिरीच्या अगदी शेजारची.

पुढच्या बैठकीत आमच्या बाईंचं लक्ष तिकडे गेलं. बाई म्हणजे गटातल्या सर्वांत ज्येष्ठ. शाळेत शिक्षिका होत्या. १९८० साली मथुरा प्रकरणाच्या मोर्चात होत्या, तेव्हापासून चळवळीत. त्या म्हणाल्या, "युद्धनौकांचे फोटो आपल्या भिंतीवर कधीपासून लागायला लागले? आणि तेही सावित्रीबाईंच्या शेजारी?" विषयपत्रिका तशीच राहिली आणि दोन तास ह्याच गोष्टीवर वाद झाला. त्या वादात मला जे बोलता आलं नाही, किंवा बोलायला लागले तेव्हा चहा आला आणि राहून गेलं, ते इथे लिहिते आहे.

फोटोतल्या प्रेरणा देवस्थळी. त्यांच्याबद्दल बातम्यांमधून कळलं ते असं. शाळा मुंबईत, कॉलेज सेंट झेवियर्स. २००९ मध्ये नौदलात अधिकारी म्हणून दाखल. काम 'ऑब्झर्व्हर'चं. ऑब्झर्व्हर विमान चालवत नाही. समुद्रावरून तासन् तास उडणाऱ्या विमानात बसून रडारवर जहाजं शोधणं, पाण्यात उपकरणं सोडून पाणबुडीचा माग काढणं आणि विमानाने काय करायचं ते ठरवणं हे तिचं काम. टीयू-१४२ ह्या रशियन बनावटीच्या लांब पल्ल्याच्या विमानावर ऑब्झर्व्हर झालेली त्या पहिली स्त्री. पुढे पी-८आय विमानांवर काम. मग आयएनएस चेन्नई ह्या मोठ्या विनाशिकेवर फर्स्ट लेफ्टनंट. आणि डिसेंबर २०२३ मध्ये, लेफ्टनंट कमांडर असताना, आयएनएस त्रिंकट ह्या लहान युद्धनौकेचं प्रमुखपद. भारतीय नौदलाच्या जहाजाची सूत्रं ह्याआधी कुठल्याही स्त्रीच्या हाती आली नव्हती.

वर्तमानपत्रांना ह्यात सर्वांत जास्त आवडलं ते हे की भाऊही नौदलात आहे आणि तोही एका युद्धनौकेचा प्रमुख आहे. भाऊ-बहिणीची जोडी! मथळे तसेच आले. बहिणीचं कर्तृत्व भावाच्या शेजारी ठेवलं की ते घरातलं वाटतं, बोचत नाही. असो. माझी नजर मात्र दुसऱ्याच एका तपशिलावर अडकली. 'दाखल २००९' आणि 'जहाजाची प्रमुख २०२३'. ह्या दोन सालांमधलं अंतर चौदा वर्षांचं आहे. नौदलातल्या बायकांच्या बाबतीत चौदा ह्या आकड्याला फार वेगळा अर्थ आहे.

त्यासाठी जरा मागे जायला हवं. १९५७ च्या नौदल कायद्यात एक कलम आहे, ९ (२). त्याप्रमाणे केंद्र सरकार अधिसूचना काढून जेवढं दार उघडेल, तेवढ्यातूनच बाईला नौदलात प्रवेश. एरवी ती अपात्र. ९ ऑक्टोबर १९९१ ला पहिल्यांदा अशी अधिसूचना निघाली आणि तीन शाखा उघडल्या: लॉजिस्टिक्स, कायदा, शिक्षण. १९९२ पासून मुली दाखल व्हायला लागल्या. नेमणूक मात्र शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर, म्हणजे ठरावीक वर्षांसाठी. कायम करण्याचं धोरण १९९७ मध्ये ठरवू, असं सरकारने तेव्हा कळवलं होतं. ते साल आलं आणि गेलं. १९९८ मध्ये आणखी शाखांची दारं उघडणारी अधिसूचना निघाली, पण कायम करण्याबद्दल स्पष्ट काही नाही. मुदतवाढ मात्र मिळत गेली आणि शेवटी मर्यादा चौदा वर्षांवर येऊन थांबली.

चौदा वर्षं म्हणजे काय ते आकड्यांत बघू. अधिकाऱ्याला पेन्शन लागू व्हायला वीस वर्षांची नोकरी लागते. खलाशाला पंधरा. म्हणजे ज्या नौदलात खलाशी पंधरा वर्षांनी पेन्शन घेऊन घरी जातो, तिथली अधिकारी बाई चौदा वर्षांनी पेन्शनशिवाय बाहेर पडायची. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी भरती झालेली मुलगी छत्तीस-सदतीस वर्षांची असताना. त्या वयात बरोबरीच्या कायम पुरुष अधिकाऱ्याची कारकीर्द नुकती कुठे रंगात येत असते. शॉर्ट सर्व्हिसवर पुरुषही असत, हे खरं. पण पुरुषाला खडकवासल्याच्या एनडीएसारखी थेट कायमच्या नोकरीची दारं होती. बाईला हे एकच, आणि त्याच्या दुसऱ्या टोकाला भिंत.

मला वाटतं, सगळा प्रश्न इथे आहे. नौदलाने बायकांना कारकिर्दीची फक्त सुरुवात देऊ केली. उमेदीची वर्षं घेतली, प्रशिक्षण दिलं, काम करवून घेतलं, आणि जिथे अधिकार सुरू होतो तिथे निरोप समारंभ केला. 'पहिली स्त्री' म्हणून ज्यांचे फोटो छापून आले, त्यांतल्या कितीजणी चौदा वर्षांनी कुठे होत्या, हे विचारायला कुणी गेलं नाही.

हे मला इतकं लागण्याचं एक कारण घरचंच आहे, ते लपवत नाही. एमएसडब्ल्यू होऊन मला बारा वर्षं झाली. ह्या बारा वर्षांत चार प्रोजेक्ट झाले, सगळे अकरा महिन्यांच्या करारावर. बाराव्या महिन्यात खंड, मग नवा कागद. आपल्या वाचकांत अंगणवाडीताई आहेत, आशाताई आहेत, कंत्राटी नर्स आहेत. सुरुवात कायम ठेवून बढती आणि पेन्शन कशी टाळायची हे तंत्र त्यांना मी समजावून सांगायला नको. फरक एवढाच की नौदलातल्या बाईच्या खांद्यावर पट्ट्या असतात म्हणून ती कंत्राटी आहे हे दिसत नाही.

२६ सप्टेंबर २००८ ला सरकारने धोरण जाहीर केलं. कायम कमिशन देऊ, पण फक्त शिक्षण, कायदा आणि नौका-बांधणी ह्या शाखांत, आणि तेही ह्यापुढे येणाऱ्यांना. ह्यातली 'ह्यापुढे' ही मेख पाहा. १९९२ पासून ज्या मुलींनी सोयी नसताना, टोमणे ऐकत हे दार उघडं ठेवलं, त्याच नेमक्या वगळल्या गेल्या. लॉजिस्टिक्स, हवाई वाहतूक नियंत्रण, शिक्षण अशा शाखांतल्या काही अधिकारी मग दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. अ‍ॅनी नागराज आणि त्यांच्या सहकाऱ्यांची याचिका २०१० ची. नोकरीत असताना, गणवेश अंगावर असताना, आपल्याच खात्याविरुद्ध कोर्टात जाणं काय असतं हे ज्यांनी साध्या ऑफिसात तक्रार समितीकडे अर्ज केला आहे त्यांना कळेल. ४ सप्टेंबर २०१५ ला निकाल त्यांच्या बाजूने लागला. सरकार अपिलात गेलं. १७ मार्च २०२० ला सर्वोच्च न्यायालयाने, न्या. धनंजय चंद्रचूड आणि न्या. अजय रस्तोगी यांच्या खंडपीठाने, ते अपील फेटाळलं.

सरकारचा युक्तिवाद काय होता? समुद्रावरचं काम बायकांना झेपणारं नाही. आणि काही जहाजं रशियन बनावटीची आहेत, त्यांवर बायकांसाठी वेगळी न्हाणीघरं नाहीत. हे वाचून मी मोठ्याने हसले. मुंबईत मुताऱ्यांच्या मोहिमेत आम्ही वर्षानुवर्षं हेच ऐकलं. रेल्वे स्टेशनावर पुरुषांना मुतारी फुकट, बाईने पैसे टाकायचे. का, तर बायका कमी येतात. बायका कमी का येतात, तर सोय नाही. वॉर्ड ऑफिसातल्या कारकुनाचं तोंडपाठ उत्तर देशाच्या सर्वोच्च न्यायालयात, भल्यामोठ्या युद्धनौकांच्या संदर्भात ऐकायला मिळेल असं वाटलं नव्हतं. न्यायालयाने ते मानलं नाही. समुद्रावरची कामं बायकांना जमत नाहीत, हे म्हणणं बाईविषयीच्या ठोकळेबाज समजुतीतून येतं, असं निकालात स्पष्ट म्हटलं. शाखांमध्ये भेद न करता कायम कमिशनसाठी विचार व्हावा असा आदेश दिला. आणि ज्यांचा विचारच झाला नव्हता आणि ज्या तोवर बाहेर पडल्या होत्या, त्यांची सेवा पेन्शनपुरती पूर्ण झाली असं धरावं, असंही सांगितलं. पेन्शन मिळाली. जहाज काही मिळालं नाही. गेलेली वर्षं कोर्टालाही परत देता येत नाहीत.

गंमत बघा. हे अपील सर्वोच्च न्यायालयात पडून असतानाच, १० सप्टेंबर २०१७ ला, गोव्याहून आयएनएसव्ही तारिणी ही ५५ फुटांची शिडाची बोट निघाली. वर्तिका जोशी कप्तान, बरोबर पाचजणी. सहाही नौदलाच्या अधिकारी. फ्रीमँटल, लिटलटन, पोर्ट स्टॅन्ली, केपटाउन करत, भर वादळात केप हॉर्नला वळसा घालून, सुमारे २१,६०० सागरी मैल कापून ह्या बायका २१ मे २०१८ ला गोव्यात परत आल्या. झेंडा दाखवायला आणि स्वागताला संरक्षणमंत्री, भाषणं, नारीशक्तीचा जयघोष. त्याच काळात सरकारी वकिलांची भूमिका अशी की बाईला समुद्र झेपत नाही. नव्वदच्या दशकाच्या शेवटी थोड्याजणींना जहाजांवर पाठवून पाहिलं होतं, मग ते बंद पडलं. युद्धनौकांवर बायकांच्या नेमणुका पुन्हा सुरू झाल्या त्या २०२०-२१ मध्ये, निकालानंतर. म्हणजे शिडाच्या बोटीतून पृथ्वीप्रदक्षिणा चालेल, कारण ती एकदाच होते आणि फोटो छान येतात. रोजची ड्यूटी, तिच्यातून येणारा अनुभव आणि त्या अनुभवातून येणारी बढती चालणार नाही.

आता प्रेरणा देवस्थळींच्या त्या दोन सालांकडे परत येऊ. २००८ च्या धोरणात ऑब्झर्व्हर शाखेचं नावच नव्हतं. २००९ मध्ये आलेल्या मुलीने चौदा वर्षं मोजली तर ती २०२३ मध्ये भरतात. जुनाच नियम चालू राहिला असता, तर ज्या हिवाळ्यात तिच्या हाती जहाज आलं त्याच हिवाळ्यात तिच्या हाती निरोपाची फाईल आली असती. हा माझा हिशेब आहे, बातमीत तो नव्हता. पण तो मांडल्याशिवाय ही बातमी मला अर्धी वाटते. तिच्या हुशारीबद्दल, मेहनतीबद्दल मला काडीची शंका नाही. तेवढीच हुशारी आणि मेहनत १९९२ च्या तुकडीतही असणारच. मध्ये फक्त एक खटला आहे.

बाईंचा मुद्दा मात्र ह्याने सुटत नाही, आणि मी तो टाळणार नाही. त्या म्हणाल्या, "हक्क मिळाला हे खरं, पण कशाचा? बंदूक चालवायचा? २००४ साली मणिपूरच्या बाया इंफाळमध्ये कांगला किल्ल्यासमोर निर्वस्त्र होऊन उभ्या राहिल्या, त्या कोणाविरुद्ध होत्या ते विसरलीस का?" मी विसरले नाही. तो फोटोही आमच्याच केंद्रात आहे, कपाटात. बायका गणवेशात गेल्या म्हणून गणवेश मवाळ होईल, ह्यावर माझा विश्वास नाही. पोलीस ठाण्यात महिला हवालदार आली म्हणून मारहाणीची तक्रार आपोआप लिहून घेतली जात नाही, हे आपण सगळ्यांनी अनुभवलं आहे. युद्ध नको, शस्त्रांवरचा खर्च नको, ही आपली भूमिका मला मान्य आहे.

बायकांना वापरून घेण्याची बाईंची भीती तर इतिहासाला धरूनच आहे. दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांना माणसं कमी पडली तेव्हा हिंदुस्थानातही नौदलाची स्त्रियांची शाखा उभी राहिली होती. तिच्यातल्या सेकंड ऑफिसर कल्याणी सेन १९४५ मध्ये इंग्लंड-स्कॉटलंडच्या दौऱ्यावर गेल्या होत्या. साडीतला त्यांचा फोटो आजही पाहायला मिळतो. युद्ध संपलं, शाखा संपली. स्वतंत्र भारताने दहा वर्षांनी कायदा केला तो बाईला अपात्र ठरवूनच.

पण मग आपण काय म्हणायचं? नौदल वाईट, म्हणून तिथे बाईवर झालेला अन्यायही आपला नाही? गिरणी मालकाची होती म्हणून गिरणीतल्या बायकांच्या पगाराची लढाई आपण सोडली नव्हती. नौदल ही राज्यसंस्थेची नोकरी आहे, आपल्या करातून चालणारी. तिथे बाईला 'तू इथवरच' असं म्हणायला राज्य मोकळं राहिलं, तर इतर सगळ्या खात्यांना तो दाखला होतो. बाईंना मी एक विचारलंही, जरा भीतभीतच. "बाई, तुम्हाला शाळेची पेन्शन आहे म्हणून तुम्ही गेली कित्येक वर्षं चळवळीत कोणाच्या तोंडाकडे न बघता बोलू शकलात ना?" बाई थोडा वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "हे तू बरोबर बोललीस. पण फोटो तरी तिथून काढ." फोटो काढला नाही, सरकवला. आता तो फळ्याच्या वर आहे.

हे सगळं मला फार विचारात पाडणारं ठरलं ते नंतर, फोटो चिकटवणाऱ्या मुलीमुळे. ती बारावी झाली. आई चार घरी धुणीभांडी करते, वडील नाहीत. एक दिवस मोबाइलवर जाहिरात घेऊन आली, नौदलात अग्निवीर भरतीची. खलाशाच्या जागांवर मुली घ्यायला नौदलाने सुरुवात केली ती २०२२ मध्ये, ह्याच अग्निपथ योजनेतून. पहिली तुकडी ओडिशातल्या आयएनएस चिल्कामधून मार्च २०२३ मध्ये बाहेर पडली. सुमारे २,६०० जणांत मुली होत्या अडीचशेहून जास्त. अधिकारी होण्यासाठी लागणारं शिक्षण, इंग्रजी, मुलाखतीचे क्लास वस्तीतल्या मुलीच्या आवाक्यात कुठून असणार? तिच्यासाठी दार उघडलं ते हे. आणि मुदत चार वर्षं. जास्तीत जास्त चौथा हिस्सा पुढे कायम होणार. बाकीच्यांना एकरकमी सेवानिधी देऊन निरोप, पेन्शन नाही. २०२२ अखेर आत गेलेल्या मुलींची चार वर्षं भरतात ती २०२६ मध्ये.

ही योजना मुलांनाही तीच आहे, हे मला ठाऊक आहे. पण कायमची नोकरी होती तेव्हा खलाशाच्या जागेवर मुलगी चालत नव्हती आणि नोकरी चार वर्षांची झाली त्याच वर्षी ती चालायला लागली, हा योगायोग म्हणून सोडून द्यायला माझं मन तयार होत नाही. चौदा वर्षांविरुद्ध अधिकारी बायका कोर्टात गेल्या. चार वर्षांविरुद्ध कोण जाईल? चार वर्षांत मुलगी चोविसाचीही होत नाही.

मी तिला हे सगळं समजावून सांगितलं. कागदावर चार आणि पंधराचा फरक लिहून दाखवला. ती शांतपणे ऐकत होती. मग म्हणाली, "ताई, चार वर्षं लग्न करता येत नाही ना त्यात?" अट खरीच आहे, अविवाहित असलं पाहिजे आणि त्या चार वर्षांत लग्न करायचं नाही. मी म्हटलं, "हो, तेही एक बंधन आहेच." ती म्हणाली, "बंधन काय ताई? मामा दर रविवारी स्थळ घेऊन येतो. सरकारचा कागद दाखवला की गप्प बसेल."

मी ज्याला तोकडी नोकरी म्हणत होते, त्यात तिला मामापासून चार वर्षांची सुटका दिसत होती. तिचं चुकलं असं मी म्हणू शकले नाही. आम्ही दोघींनी बसून फॉर्म भरला. मात्र मी तिच्याकडून एक कबूल करून घेतलं: पुढच्या शिक्षणाचा अर्जही आत्ताच भरायचा, आणि चार वर्षांनी निघालेल्या मुलींचं पुढे काय होतं ह्याची नोंद आपल्या गटाने ठेवायची, तिने आतून आणि आम्ही बाहेरून. बैठकीत हा ठराव मांडला तेव्हा बाईंनीच अनुमोदन दिलं. इतर जिल्ह्यांतल्या गटांनीही आपापल्या भागातून गेलेल्या मुलींची अशी नोंद ठेवावी, अशी विनंती आहे. भरतीचे आकडे सरकार देईल, घरी परतलेल्यांचे देईलच असं नाही.

सध्या तिची पळण्याची तयारी चालू आहे. मुलींना १.६ किलोमीटर आठ मिनिटांत पळावं लागतं. मैदान संध्याकाळी मुलांच्या क्रिकेटने भरलेलं असतं, म्हणून ती पहाटे पाचला रस्त्यावर पळते. एकटीला पाठवायला आई तयार नाही. त्यामुळे धाकटा भाऊ मागून सायकलवर असतो आणि वेळही तोच लावतो. गेल्या आठवड्यात साडेनऊ मिनिटं लागली. भाऊ म्हणतो, कोपऱ्यावरची कुत्री नसती तर नऊ लागली असती.